भातानं पाय भरत नाहीत

माणसाची पारख कुणी चपलांवरून करतो, कुणी अक्षरावरून. रनिंग रूमचा स्वयंपाकी गजभिये ती शिध्याच्या पिशवीवरून करायचा. मालगाडी घेऊन आम्ही बिलासपूरहून रायपूरला आलो, हातपाय धुतले आणि पिशवी त्याच्या ओट्यावर ठेवली की तो ती उघडायचा, एक नजर टाकायचा आणि निकाल द्यायचा. एकदा माझ्या पिशवीत तांदूळ आणि नुसते चार बटाटे निघाले.

"काहून जी गार्डसाहेब, वहिनी माहेरी गेल्या काय?"

"तुम्हाले कोणी सांगितलं भैया?"

"बटाट्यानं."

बायको खरंच आदल्या दिवशी माहेरी गेली होती, आणि न बोलता गेली होती. तेही त्यानं बटाट्यांवरूनच ओळखलं असणार, पण चारचौघांत तेवढं तो बोलला नाही.

रनिंग रूम म्हणजे काय ते आधी सांगतो. बाहेरगावच्या ड्रायव्हरनं आणि गार्डानं परतीची गाडी मिळेपर्यंत जिथे जेवायचं, झोपायचं, ती जागा. तेव्हा तिथे खानावळ नव्हती. स्वयंपाकी रेल्वेचा, गॅस रेल्वेचा, पण डाळ, तांदूळ, भाजी ज्याची त्यानं घरून आणायची. गजभिये प्रत्येकाचं वेगळं शिजवायचा. ओट्यावर एकाशेजारी एक दहा-बारा छोटी पातेली असत, आणि कुठल्या पातेल्यात कुणाची डाळ हे त्याला कधी विचारावं लागलं नाही. माझी सख्खी बहीण रायपुरातच, तात्यापाऱ्यात, राहत होती. पहिली काही वर्षं ती रागवायची, "गावात घर असून तू तिथं काहून जेवतोस रे?" एकदा मी तिला खरं कारण सांगितलं, की गजभियेची डाळ तुझ्यापेक्षा बरी असते. त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं, आणि राखी पोस्टानं पाठवू लागली.

गजभिये उंच होता आणि वाळक्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगेसारखा बारीक. वयानं आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. मूळचा भंडाऱ्याकडचा, पण वडील रेल्वेत म्हणून जन्म सगळा रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेला. भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र, त्याखाली मिठाची बरणी. जुन्या लोकांपैकी दोघं-तिघं आधी "आमचं आम्ही शिजवून घेतो" म्हणायचे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, गजभियेलाही. तो शेगडी पुसून द्यायचा, काडेपेटी शेजारी ठेवायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. सोळा-सतरा तास गाडी हाकून आलेला माणूस स्वतःची डाळ किती दिवस करपवणार? चौथ्या-पाचव्या फेरीला त्यांच्याही पिशव्या मुकाट्यानं ओट्यावर आल्या. गजभियेनं त्यावरून कुणाला कधी एक शब्द ऐकवला नाही. मी ऐकवला असता, आणि चांगला महिनाभर ऐकवला असता.

त्याचा एक सिद्धांत होता. पन्नाशीपर्यंत माणूस काय खातो याकडे तो लक्ष देत नसे. पन्नाशी आली की मात्र तो माणूस त्याच्या ताब्यात गेला म्हणून समजावं. तो म्हणायचा, "उमर झाली का लोक म्हनतात, आता हलकं खावं. मंग काय कमी करतात? डाळ. अंडे. मठ्ठा. भात तेवढाच. भातानं पोट भरते साहेब, पाय नाही भरत." म्हातारपण आधी पायात येतं, आणि पायांना डाळ लागते, असं त्याचं म्हणणं. हे तो कुठे शिकला होता कोण जाणे. पण पिशवीतून भिजवलेले हरभरे निघाले की त्याचा चेहरा असा खुलायचा की जणू आम्ही त्याच्यासाठीच भेट आणली आहे.

आणखी एक खोड. रनिंग रूममध्ये जेवायला टेबल होतं, चांगलं सनमायका लावलेलं. पन्नाशीपुढच्याला गजभिये तिथे वाढत नसे. त्याच्यासाठी खाली चटई. जेवण झालं की हात न टेकता उठायचं. "हे माझं मेडिकल," तो म्हणायचा. जो हात टेकेल त्याला मागच्या भिंतीपर्यंत जाऊन मुनग्याच्या झाडाचा पाला आणावा लागे, आणि तो पाला पुढल्या जेवणात त्याच्याच डाळीत पडे. मी वर्षभर पाला खाल्ला. झाड उघडं पडायची वेळ आली होती.

आता बोरकरबद्दल. बोरकर ड्रायव्हर, माझा जुना सोबती. कित्येक वर्षं पुढे इंजिनात तो आणि शेवटच्या डब्यात मी, मध्ये अर्धा किलोमीटर कोळसा. हात असा की उभी गाडी हलली तरी कपातला चहा हलू नये. पण खाण्याचा भारी शौकीन. त्यात राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावाला एकदम पैशाची आणि लग्नांची भरती आली. तेलीबांध्याकडे मोठमोठे लॉन निघाले, तिथे चाळीस-चाळीस पदार्थांचे बुफे. बोरकरचे अर्धे नातेवाईक रायपुरात. तो ड्युटी अशी साधायचा की लग्नाच्या दिवशी मुक्काम रायपूरला पडावा. पँटची कंबर पंडरीच्या एका शिंप्याकडे तीनदा उसवून झाली. चौथ्या वेळी शिंपी म्हणाला, "भैया, अब कपड़ा नहीं बचा."

ड्रायव्हरला ठरावीक वर्षांनी डॉक्टरपुढे उभं राहावं लागतं. डोळे, रक्तदाब, साखर, वजन. नापास झाला की इंजिनावरून उतरवतात, आणि मग तो माणूस कुठल्यातरी टेबलामागे बसून फायली सरकवतो. बोरकरचं त्या वेळी चौपन्नावं सरत होतं. बिलासपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, साखर काठावर आहे, वजन काठाच्या पार पलीकडे. सहा महिने देते, तेवढ्यात सुधारलं नाही तर इंजिन सोडावं लागेल. बोरकर रायपूरला आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. चटईवरून उठताना त्याला दोन्ही हात टेकावे लागले, वर भिंतही धरावी लागली.

"मी टेबलावर नाही बसू शकत गजभिये," तो म्हणाला. जेवायच्या नव्हे, फायलींच्या टेबलाबद्दल तो बोलत होता. "इंजिन गेलं तर मी मरून जाईन."

"मरत नाही कोनी," गजभिये म्हणाला. "सहा महिने पिशवी मले द्या. वहिनीले सांगा, काय भरायचं ते मी चिठ्ठीत लिहून देतो."

चिठ्ठी निघाली. तुरीची आणि मुगाची डाळ, हरभरे, फल्लीदाणे, अंडी, लाल भाजी, ज्वारीचं पीठ. तांदूळ अर्धा. बोरकरच्या बायकोनं सगळं भरलं, पण तांदळाला मात्र तिचा हात आखडला नाही. मुठी मोजून तांदूळ भरणं म्हणजे नवऱ्याला उपाशी धाडणं, असं तिला वाटे.

दीड-दोन महिने झाले. बोरकरला संशय येऊ लागला. तांदूळ आणतो एवढा, ताटात येतो एवढुसा. एका दुपारी तो अंघोळ टाकून तसाच ओट्यापाशी आला, तर गजभिये त्याच्या तांदळातली भरलेली मूठ एका डब्यात टाकत होता. बोरकरचं डोकंच फिरलं.

"चोर! अरे, माह्या घरचे तांदूळ चोरून राहिला तू?"

सगळे धावत आले. मीही. गजभियेनं भांड्यांचं कपाट उघडलं. आत बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे रांगेनं ठेवले होते, प्रत्येकावर खडूनं नाव. बोरकर. पांडे. सिन्हा. शेवटी माझंही होतं, आणि माझा डबा सगळ्यांत मोठा होता.

"पन्नाशीवरच्या सगळ्यांचे आहेत," तो म्हणाला. "भात कमी करा म्हनलं तर कोनी आयकत नाही. म्हनून मूठ काढतो. घेऊन जा आपापले डबे."

बोरकर डबा हातात घेऊन उभा. त्याचा राग अजून उतरला नव्हता, पण तो टाकावा कुठे हे त्याला कळत नव्हतं. "पण तुले काय पडलं एवढं?" तो म्हणाला.

तेव्हा गजभियेनं आपल्या थोरल्या भावाचं सांगितलं. भाऊ ड्रायव्हर होता. बावन्नाव्या वर्षी साखरेपायी इंजिनावरून उतरवला, मग पायाला जखम झाली, मग पाय गेला, आणि दोन वर्षांत तोही गेला. वहिनी आधीच वारली होती, म्हणून जेवायला गजभियेकडेच असायचा. "त्याले भात लई आवडे," गजभिये म्हणाला. "अन् वाढत कोन होतं? मीच वाढत होतो. घ्या नं दादा, अजून घ्या. मीच म्हनत होतो."

त्या दिवशी डबा कुणी घरी नेला नाही. पुन्हा कपाटात ठेवून सगळे जेवायला बसले, आणि टेबलावर जायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर बोरकर खरोखर गजभियेच्या हवाली झाला. वजनकाट्यावर गजभियेचा विश्वास नव्हता. तो पट्ट्याची भोकं बघायचा. तिसऱ्या महिन्यात पट्टा एक भोक आत गेला, चौथ्यात दुसरं. लग्नाची आमंत्रणं येत होती, पण बोरकर जाऊन आहेर देऊन परत यायचा. एकदा त्याला लॉनवरून येऊन खोटं बोलायची हुक्की आली, "काही नाही खाल्लं जी, नुसतं सॅलड." गजभियेनं त्याला वाढलं, आणि ताटात डाळ उरलेली पाहून एवढंच म्हणाला, "गुलाबजाम किती?" बोरकर म्हणाला, "दोन." थोड्या वेळानं म्हणाला, "चार." पाचव्या महिन्यात तो चटईवरून एकच हात टेकून उठू लागला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गजभियेनं पाल्यासाठी त्याला भिंतीकडे पाठवलंच.

आणि मग शेवटच्या पंधरा दिवसांत त्यानं ती चूक केली, जी आमच्यातला प्रत्येक जण करत आला होता. मेडिकल जवळ आलं की रनिंग स्टाफमध्ये एक रीतच होती: पंधरा दिवस जवळजवळ उपाशी राहायचं, सकाळी कारल्याचा रस, दिवसभर काकडी, म्हणजे त्या दिवशी साखर खाली दिसते. पास झाला की त्याच संध्याकाळी स्टेशनसमोर गरम जिलेबी. मी स्वतः दोनदा असाच पास झालो होतो. बोरकरला कुणीतरी सल्ला दिला, आणि घाबरलेल्या माणसाला सगळेच सल्ले पटतात. बायकोनं भरलेली पिशवी तो आणायचा, पण ओट्यावर ठेवायचा नाही. "पोट बरं नाही," म्हणायचा.

एका सकाळी आमची परतीची गाडी लागली होती. इंजिनाची शिडी चढताना बोरकरचा पाय घसरला. पडला नाही, दांडा धरून राहिला, पण खाली उतरून तो तिथेच रुळांशेजारी बसला. हात थरथरत होते, अंगाला घाम. मी त्याला धरून रनिंग रूममध्ये आणलं. गजभियेनं एका नजरेत ओळखलं. गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला, मग मठ्ठा पाजला, आणि तो जरा सावरला तेव्हा मी गजभियेला पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

"उपाशी मानूस गाडी चालवते काय? तुमच्या मागं अठ्ठावन्न डबे अन् शेवटच्या डब्यात हे गार्डसाहेब! आज तुम्ही सिक लिहून द्या, आजारी म्हनून."

"आता सिक दिलं तर सगळं संपलं," बोरकर म्हणाला. "आठ दिवस राहिले, गजभिये. डॉक्टर म्हनन, हा चक्कर येऊन पडला. सही करन अन् उतरवन. हात जोडतो."

"तुम्ही नाही लिहिलं तर मी जाऊन सांगतो."

"माझं इंजिन जाईन."

"जाऊ द्या," गजभिये म्हणाला.

मी मध्ये पडलो नाही, आणि पडलो नाही याची मला आजही लाज वाटते. शेवटच्या डब्यात मीच होतो, तरी मनात म्हणत होतो, जाऊ दे, चालवून नेईल तो. गजभिये मात्र दारातच उभा राहिला. शेवटी बोरकरनं कागद मागवला, सिक लिहून दिली आणि पॅसेंजरच्या डब्यात प्रवाशासारखा बसून बिलासपूरला गेला. जाताना गजभियेकडे त्यानं पाहिलं नाही. गजभियेनं त्याची न उघडलेली पिशवी त्याच्यामागे पॅसेंजरच्या खिडकीतून आत दिली. बोरकरनं ती घेतली.

पुढचे आठ दिवस रनिंग रूममध्ये डाळीला चव नव्हती. मीठ बरोबर असायचं, पण गजभिये बोलत नसे, पिशव्यांवरून कुणाला ओळखत नसे. मी एकदा मुद्दाम नुसते बटाटे घेऊन गेलो. त्यानं ते निमूट चिरले.

तिकडे काय झालं ते बोरकरनं मला नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "खाना क्यों छोड़ा?" बाईच पुढे म्हणाल्या, तुमच्या लोकांची पंधरा दिवसांची उपासाची युक्ती मला ठाऊक आहे. म्हणून यंदापासून मी एका दिवसाची साखर बघतच नाही, मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करते. आलाच आहात तर आत्ताच रक्त द्या. तीन महिन्यांची म्हटल्यावर काकडी आणि कारलं फुकट. पण रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी तो दोनदा वाचला. साखर जागेवर होती. वजनही पुरेसं उतरलं होतं, आणि पायांत ताकद होती. त्यांनी विचारलं, तीन महिने कुणाचा सल्ला घेत होता? बोरकर म्हणाला, "रायपूरच्या रनिंग रूमचा." आठवडाभर पोटभर जेवून या, मग कामावर जा, एवढं बजावून त्यांनी सही केली.

बोरकरनं हे रायपूरला कुणाला कळू दिलं नाही. आठवड्यानं त्याला गाडी मिळाली, आणि योगायोगानं गार्ड मी. मी गजभियेला शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. पुढल्याच महिन्यात माझी बदली दुसऱ्या लाइनीवर झाली; नंतर रनिंग रूमची खानावळ ठेक्यावर गेली आणि तो निवृत्त होऊन मुलाकडे गेला असं कानावर आलं.

भर दुपारी गाडी रायपूरला लागली. मी शेवटच्या डब्यातून उतरून अर्धा किलोमीटर चालत इंजिनापाशी आलो, तर बोरकर माझी वाट बघत उभा. "तू संगं चाल," तो म्हणाला. "माह्यानं एकट्यानं सांगवनार नाही." आम्ही दोघं आत गेलो. गजभिये ओट्यापाशी भाजी निवडत होता. त्यानं आधी बोरकरच्या अंगावरचा ड्युटीचा ड्रेस पाहिला, मग तोंड पाहिलं.

"पास झालो," बोरकर म्हणाला. "तीन महिन्यांची साखर पाहून पास केलं बाईनं."

गजभियेनं "हव" म्हटलं आणि भाजी निवडत राहिला. निवडलेली पानं त्यानं कचऱ्यात टाकली आणि देठं पातेल्यात. मग तो म्हणाला, "हात धुवा. वाढतो."

त्यानं चटई टाकली. आधी डाळ वाढली, मग अंडी, भाजी. मग भाताचं पातेलं घेऊन आला. त्या दिवशी त्यानं मूठ काढली नव्हती. पातेलं काठोकाठ होतं. "आज जेवढा पाहिजे तेवढा," तो म्हणाला, "आज मी नाही म्हनत नाही," आणि बोरकरच्या ताटात त्यानं भाताचा ढीग घातला. बोरकर मन लावून जेवला. ढीग संपत आला तसा गजभिये डाव भरून पुन्हा वाकला.

"घ्या नं, अजून घ्या."

बोरकरनं ताटावर आडवा हात धरला. "बस, गजभिये भैया. झालं."

गजभिये वाकलेलाच राहिला. डाव हवेत, त्यातून दोन-चार शितं चटईवर सांडली. आपल्याकडे कुणी ताटावर हात धरला की वाढणाऱ्याचं तोंड पडतं. मी जन्मभर पंगतींत तेच पाहत आलो. या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, आणि पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

"पुन्हा म्हना," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. बस म्हना."

बोरकरनं ताटावरचा हात तसाच ठेवून वर पाहिलं, आणि म्हणाला, "बस."